इंजिनच्या खोलीचा पांढरा

मारेगावच्या नाक्यावरचं रहेमान मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीत मावेल तेवढी जागा. त्या मार्गशीर्षात निंबाच्या जाड फांदीला साखळी बांधलेली होती, साखळीला एक इंजिन लोंबत होतं, आणि खाली बोनट उघडून, जणू वैद्यासमोर आ करून, एक गोल नाकाची डुक्कर फियाट उभी होती.

गाडी भगवानरावांची. तीस वर्षं ते कापसाच्या खरेदीवर ग्रेडर होते. बैलबंडीतला कापूस मुठीत घ्यायचा, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, काळ्या कापडावर ठेवून रंग पाहायचा आणि मोठ्यानं नंबर सांगायचा; पहिल्या नंबराला 'सुपर' म्हणायचं. त्यांचा शब्द म्हणजे पाटीवरचा खडू नव्हे, दगडावरची टाकी. बंडीवाल्याचा चहासुद्धा कधी घेतला नाही त्यांनी. "तुमचा चहा माझ्या डोळ्यात जाईल," म्हणायचे.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, ते रिटायर झाले. कापसाची वाईट वर्षं होती ती. पेपर उघडला की जिल्ह्याचं नाव पहिल्या पानावर, आणि गावात कोणालाच ते पान वाचावंसं वाटत नसे. भगवानरावांनी पेपर बंद केला आणि एका डॉक्टरच्या गुरांच्या कोठ्यात वीस वर्षं कोंबड्यांनी वापरलेली ही फियाट घरी आणली. बाहेरून ती मरून रंगाची झाली, आतून सीटा झाल्या. राहिली होती इंजिनची खोली.

"तिले काळा मारून देतो," रहेमान म्हणाला. "बोनटखाली कोण पाहते, साहेब?"

"मी पाहतो ना. पांढरा मारा. तेल गळलं तर दिसलं पाहिजे. लपवाछपवी नको."

रहेमानला ते आवडलं. पंचेचाळीस वर्षं गाड्या रंगवल्या त्यानं, पण इंजिनच्या खोलीला पांढरा मागणारा माणूस पहिलाच. त्यानं डब्याच्या झाकणावर रंग काढला, अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेतला, उन्हात पाहिला, सावलीत पाहिला. दुधासारखा पांढरा.

भगवानरावांनी पिशवीतून काळं कापड काढलं. जुन्या छत्रीचं, चारी बाजूंनी शिवलेलं. खरेदीवर हेच कापड असायचं. त्यावर झाकण ठेवून ते उत्तरेकडं तोंड करून बसले.

"पिवळी झाक मारतोय," ते म्हणाले.

"पिवळा?"

"हलका आहे. पण आहे."

रहेमाननं रंगात निळ्याचा एक थेंब टाकला. रंगारी टाकतातच, बायका धुतल्या धोतराला नीळ देतात तसं. दुसऱ्या दिवशी भगवानराव पुन्हा आले. पुन्हा कापड, पुन्हा झाकण, पुन्हा मान हलली. पिवळी झाक मारतोय.

"साहेब, दूध बी याच्याहून पांढरं नसते."

"तुमच्या दूधवाल्याचं नसेल."

दोन थेंब. चार थेंब. आठवडा गेला. निंबाच्या बुंध्याशी सात झाकणं रांगेनं वाळत पडली, पहिलं दुधाचं आणि सातवं असं की पाखरानं आभाळ समजून त्यावर चोच मारावी. सातव्या झाकणाला भगवानराव कापडावर ठेवून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की रहेमानला आपल्या बापाची आठवण झाली.

"हा. हा पांढरा! मिस्त्री, तुमचा हात कोणी धरणार नाही."

रहेमाननं सातवं झाकण पाहिलं, साहेबांचा चेहरा पाहिला आणि तोंडातले शब्द सुपारीबरोबर गिळले. दुपारी कॉम्प्रेसर सुरू झाला. दोन हात बसले.

खैरुनबी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा रंग वाळत होता. खैरुनबी म्हणजे रहेमानची बायको, पिंजाऱ्याची लेक. तिच्या माहेरची धनुकली अजून घरात आहे, आणि तारेवर कापूस नाचवताना ती गुणगुणते ते अख्ख्या मोहल्ल्याला पाठ आहे:

धनुकलीची तार, बाई, बोलते तुणतुण
कोण्या घरचं बोंड, मी सांगते ऐकून

तिनं डबा ठेवला आणि बोनटखाली डोकावली.

"अजी, हा आसमानी कायले मारला? नवरदेव बसनार हाय का इंजिनात?"

"हळू बोल. पांढरा हाय हा."

"कोन म्हनते?"

"ग्रेडर साहेब म्हनते."

खैरुनबी हसली. मग हसता हसता थांबली. सातही झाकणांवरून तिनं बोट फिरवलं, पहिल्यापासून सातव्यापर्यंत, आणि पुन्हा उलटी पहिल्यापर्यंत आली.

"पहिल्याले काय म्हनले ते?"

"पिवळा."

"हा पिवळा?" ती मटकन विटेवर बसली. "या अल्ला. अजी, टाकळीची मथुरा."

रहेमानला सांगावं लागलं नाही. टाकळीच्या उकंडाची बायको मथुराबाई कापूस वेचायची तर सगळ्या शिवारात नाव होतं तिचं. दहिवर उडालं की ओटी बांधायची, बोंडातून कापूस असा काढायची की पानाचा चुरा नाही, किडकी कवडी नाही. गेल्या हंगामात तिची बंडी खरेदीच्या फाटकावर लागली. भगवानरावांनी मूठ घेतली, कापडावर ठेवली आणि मोठ्यानं सांगितलं, "पिवळट. दुसरा नंबर." मागं टाकळीच्याच चार बंड्या होत्या, त्यांत बाया होत्या. संध्याकाळपर्यंत गावात नाव पडलं, पिवळीबाई. पोरंसोरं विहिरीवर म्हणायची, पिवळीबाई आली. मथुराबाईनं एक बोजा बंडीतून उतरवून घेतला होता, हा मी विकत नाही म्हणून. त्याची सरकी काढून तिनं तो खैरुनबीकडं आणला, लेकीची, दीपाची, लग्नातली गादी भरायला.

"म्या पिंजला तो," खैरुनबी म्हणाली. "तारेवर असा उडे, जसं बगळ्याचं पीस. मी तिले म्हटलं, मथुरा, हा पिवळा कोन म्हनते वं? तर ते म्हने, ज्यानं कधी कोनाचा चहा नाई पेला त्यानं म्हटलं, भाभी, म्हंजे खराच असन. माहेच डोळे खोटे."

रस्त्यानं कापसाच्या बंड्या चालल्या होत्या, या सालच्या.

"सांगा त्याईले," ती म्हणाली.

"काय सांगू? साहेब, तुमचे डोळे गेले? तो मानूस एवढ्यावर थांबनार नाई, खैरुन. तो मागं मागं जाईन. एकेक बंडी आठवन. तीस सालाची इमानदारी हाय त्याची, दुसरं काय हाय त्याच्यापाशी? त्याचे दिवस फियाटवर चालले, चालू दे."

"अन् मथुराचे?"

"गिऱ्हाइकानं म्हटला तो रंग."

"तुम्ही रंगारी होय का होयबा?" खैरुनबी उठली. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

भगवानराव दोन दिवसांनी आले, इंजिन बसवायचं म्हणून. बोनटखाली वाकून त्यांनी खोलीवरून हात फिरवला. "बघा," ते म्हणाले, "आता इथं तेलाचा थेंब पडला तरी पळून जाणार नाही."

खैरुनबी तिथंच होती. पदर डोक्यावरून घेऊन ती पुढं झाली.

"साहेब, एक काम होतं. आमच्या पिंजाऱ्यायची रीत हाय. ज्याचा कापूस पिंजला त्याची एक मूठ ठेवून घ्याची. त्यातल्या एका मुठीचा नंबर सांगता का?"

भगवानरावांचे खांदे सरळ झाले. सहा महिन्यांत कोणी त्यांना नंबर विचारला नव्हता. त्यांनी छत्रीचं कापड खाटेवर अंथरलं. खैरुनबीनं मूठ ठेवली. त्यांनी चिमटीत घेऊन धागा ओढला, पुन्हा ओढला.

"धागा फार छान आहे, भाभी. लांब, मऊ. वेचणारीचा हात चांगला आहे. पण रंगात मारच खाल्ला. पिवळट. दुसरा नंबर."

"अन् हा?"

तिनं पदराखालून दुसरी मूठ काढली. भगवानरावांनी पाहिली.

"हाही पिवळट. दुसराच. कोणाच्या घरचा?"

खैरुनबीनं पदरातून निळ्या कागदाची सुरळी काढून कापडावर ठेवली. वर लाल फुली होती. मेडिकलमध्ये मिळतो तो, जखमेवर लावायचा कापूस. "मेडिकलच्या घरचा, साहेब."

भगवानरावांनी कागद उचलला. कागदावरचं सगळं वाचलं, बारीक अक्षरांसकट, जणू त्यात कुठंतरी त्यांची सुटका लिहिलेली होती. नंतर कापसाची ती मूठ त्यांनी डोळ्यांजवळ नेली, दूर नेली, पुन्हा जवळ आणली. हा कापूस पिवळा नसतो हे त्यांना जगातल्या कुठल्याही माणसाहून जास्त माहीत होतं.

"पहिली मूठ कोणाची?"

"टाकळीच्या मथुराबाईची. मागच्या सालची."

ते नाव त्यांना आठवलं की नाही ते कळलं नाही. ते फियाटपाशी गेले आणि उघड्या बोनटला धरून उभे राहिले.

"मिस्त्री, ही खोली कोणत्या रंगाची आहे? खरं सांगा."

"आसमानी, साहेब."

"किती आसमानी?"

रहेमाननं जमिनीकडं पाहिलं. "बारशाच्या टोपड्याइतकी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"गिऱ्हाइकाची मर्जी, साहेब..."

"मी कधी मर्जी पाहिली नाही, मिस्त्री. रंग पाहिला." त्यांनी बोनटवरचा हात काढला. "निदान मला तसं वाटत होतं. मागच्या हंगामात मी सारखा म्हणायचो, यंदा कापूस फार पिवळा येऊन राह्यला. पावसाला बोल लावला मी. बियाण्याला लावला." तीस वर्षं शुद्ध भाषेत नंबर सांगणारा माणूस त्या एका वाक्यात आपल्या आईच्या बोलीवर घसरला, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

रहेमान म्हणाला, "चार रोज द्या, साहेब. सगळं घासून पांढरा करतो. खरा पांढरा."

"हात लावू नका. असाच राहू द्या."

यवतमाळला डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला, चहाच्या रंगाचा. आधी उजवा काढू, डावा तीन महिन्यांनी. भगवानराव संक्रांतीनंतर परत आले ते काळा चष्मा लावून. गॅरेजवर येऊन त्यांनी चष्मा काढला, बोनट उघडलं आणि डावा डोळा तळहातानं झाकला. बराच वेळ. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. जत्रेतली चित्रपेटी पाहणाऱ्या लहान पोरासारखे ते एकदा या डोळ्यानं, एकदा त्या डोळ्यानं पाहत राहिले.

"एका डोळ्याला निळा, एका डोळ्याला पांढरा," ते म्हणाले. "मिस्त्री, टाकळीला चला. गाडी तुम्ही चालवा. भाभींनाही घ्या."

टाकळीला उकंडा अंगणात तुरीच्या शेंगा बडवत बसला होता. मोटार पाहून तो उठला.

"जय भीम, साहेब. बाप्पा! हे कोंबड्याईची गाडी अशी झाली? दगडाले शेंदूर लावला जनू!"

"जय भीम, उकंडाभाऊ. मथुराबाई आहेत?"

मथुराबाई दारात आली. तिनं साहेबांना ओळखलं आणि पदरानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं तिथं काही नव्हतं. भगवानराव काही न बोलता गाडीच्या पुढच्या बाजूला गेले आणि बोनट उघडलं.

"मथुराबाई, हा रंग कोणता?"

तिनं रहेमानकडं पाहिलं, खैरुनबीकडं पाहिलं. साहेब थट्टा करतात की काय, असं तिला वाटलं.

"बोल वं," खैरुनबी म्हणाली.

"निळा. जवसाच्या फुलावानी."

"मी याला पांढरा म्हटलं. आठ दिवस बसून, निवडून, मिस्त्रीकडून मुद्दाम करून घेतला. आणि तुमच्या कापसाला पिवळा म्हटलं. याच डोळ्यांनी." त्यांनी हात जोडले. "कापूस पांढरा होता, बाई. डोळा पिवळा होता."

अंगणातली एक कोंबडी गाडीखाली शिरली. कुळाचं जुनं घर ओळखलं असेल तिनं. उकंडानं तुरीची काठी खाली ठेवली.

मथुराबाई बोनटपाशी आली. आत वाकून तिनं तो निळा अगदी जवळून पाहिला, जसं सुनेचं तोंड पाहावं. मग ती सरळ उभी राहिली.

"साहेब, मी सालभर दिव्यापाशी कापूस धरून पाह्यला. मले पांढराच दिसे. मंग मी म्हनो, मथुरे, तुहेच डोळे गेले. वेचनीले जानं सोडलं मी. दुसऱ्याच्या वावरात म्या पिवळा कापूस भरला तं?"

"माफ करा."

"माफी तुमी माह्या आंगनात मांगून राह्यले. नाव तं फाटकावर पडलं."

भगवानरावांनी मान वर केली. रहेमानला ज्याची भीती होती तेच झालं. फाटकावर आत्ता बंड्यांची रांग असणार, दहा गावांची माणसं. तिथं हा माणूस तीस वर्षं मान ताठ ठेवून उभा राहिला.

"खरं आहे," भगवानराव म्हणाले. "बसा गाडीत."

"मथुरे, राहू दे आता," उकंडा म्हणाला. "साहेब घरावर आले, झालं."

"तुमाले कोनी पिवळा म्हटलं होतं का? जगावं म्हनून उकंड्यावर, शेनाच्या ढिगावर, फेकलं होतं मायनं, ते नाव तुमी मिरवता. मले माहं परत पाह्यजे." ती आत गेली आणि यंदाच्या कापसाची एक मूठ पदरात बांधून आली. अशी पाचजणं त्या फियाटमध्ये बसली, आणि गोल नाकाची गाडी टाकळीच्या पांदीनं धूळ उडवत निघाली. मागच्या सीटवर खैरुनबीनं मथुराबाईचा हात धरला होता. त्या दोघींपैकी कोणीतरी हळू आवाजात म्हटलं, कोणी ते रहेमानला आरशात दिसलं नाही:

कापूस वेचता, बाई, पदराचं झालं ओझं
पांढऱ्या बोंडापायी काळं पडलं बोट माझं

फाटकावर बंड्या होत्याच. बैल सोडलेले, माणसं बिड्या ओढत बसलेली. फियाट पाहून पोरं धावली. भगवानराव उतरले, काळा चष्मा काढला आणि बोनट उघडलं. मग ज्या आवाजात नंबर सांगायचे त्याच आवाजात त्यांनी सांगितलं: हा रंग मी पांढरा म्हणून निवडला. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मला माहीत नव्हता. मागच्या हंगामात मी ज्यांच्या कापसाला पिवळट म्हटलं त्यांचा कापूस पिवळट नव्हता. टाकळीच्या मथुराबाईंचा तर मुळीच नव्हता. तो शब्द मी परत घ्यायला आलो आहे.

मग एका बंडीवरून आवाज आला, "म्हंजे साहेब, तुमी आमाले बिगर चष्म्याचं पाह्यलं म्हना!"

हसू पसरलं. पण सगळे हसले नाहीत. एक म्हातारा, तांड्याचा भावसिंग, काठी टेकत पुढं आला. "शब्द परत घेशीन, साहेब. साल कुठून आनशीन?"

"नाही आणू शकत, भावसिंगबापू," भगवानराव म्हणाले. त्यांनी नजर खाली घातली नाही. म्हातारा थोडा वेळ त्यांच्याकडं पाहत राहिला, एकदा या डोळ्यात, एकदा त्या डोळ्यात.

मथुराबाईनं पदराची गाठ सोडली. यंदाच्या कापसाची मूठ तिनं त्या निळ्या खोलीच्या कडेवर ठेवली. पाहायला काळं कापड लागलंच नाही.

"सांगा नंबर."

भगवानरावांनी डावा डोळा झाकला. धागा ओढला. "आता मी ग्रेडर नाही, बाई. पण पहिला आहे. पांढरा आहे."

"पुरा शब्द बोला. तवा पुरा बोलले होते."

"सुपर!" ते ओरडले. फाटकाच्या आतला नवा ग्रेडर दचकून बाहेर आला. "टाकळीच्या मथुराबाईंचा कापूस सुपर! ऐकलं ना रे सगळ्यांनी?"

"ऐकलं, ऐकलं," मागच्या बंडीतली टाकळीची एक बाई म्हणाली. मग हळूच, "मथुराबाई, उद्या आमच्या वावरात येशीन का वं वेचाले? लई दिस झाले."

मथुराबाईनं पदर झटकला आणि ओटी बांधतात तशी पुढून गाठ मारली.

भावसिंग अजून तिथंच होता. तो वळला, आपल्या बंडीतून मूठभर कापूस घेऊन आला आणि मथुराबाईच्या मुठीशेजारी ठेवला. "माहा बी पाहून घे मंग. त्याच डोळ्यानं." त्याच्यामागून आणखी एक आला. मग आणखी एक. जो तो आपली मूठ त्या निळ्यावर ठेवू लागला, आणि भगवानराव डावा डोळा झाकून एकेक धागा ओढू लागले.

रहेमान आधी उगाच इकडंतिकडं पाहत राहिला. मग राहवलं नाही.

"अरे, पंख्यापाशी नका ठेवू रे बाप्पा," तो गर्दीत घुसला, "पट्ट्यात जाईन कापूस! इकडं, इकडं कडेले ठेवा. रंग आसमानी असला तं काय झालं, माह्या हातचा हाय तो."